दाराशी, दारात, दारावर

वाई तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. निवृत्तीनंतर संध्याकाळी मोठ्यांचे वर्ग घ्यायला लागले. तिथे नर्सिंग केलेल्या मुली येतात, एमआयडीसीतले तंत्रज्ञ येतात, नवऱ्यामागे परदेशी निघालेल्या सुना येतात. या सगळ्यांबरोबर काम करताना एक गोष्ट पक्की कळली. इंग्रजीत माणूस मोठ्या शब्दांपाशी अडत नाही. 'एन्व्हायर्न्मेंट'चं स्पेलिंग पोरं घोकून पाठ करतात, काळही वर्षा-दोन वर्षांत अंगवळणी पडतात. गाडं अडतं ते 'इन', 'ऑन', 'ॲट', 'ओव्हर', 'थ्रू', 'पास्ट' अशा चिमुकल्या शब्दांपाशी. वस्तू कुठे आहे आणि माणूस कुठून कुठे चाललाय, एवढंच सांगायचं असतं आणि नेमकं तेच चुकतं. दहावीतल्यांचं चुकतं, तसं एमए झालेल्यांचंही चुकतं.

ही अव्ययं शिकवण्याची आमच्याकडची रूढ रीत म्हणजे रकाने. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, अंडर म्हणजे खाली, फ्रॉम म्हणजे पासून. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या शिकल्या, त्यांच्याकडून निदान वाक्यांमागून वाक्यं करून घेतली जायची. पुढे परीक्षेच्या घाईत वाक्यं मागे पडली आणि रकाने तेवढे उरले. गाळलेल्या जागा भरण्यापुरते ते चालतातही. पण मूल स्वतःच्या मनातलं वाक्य लिहायला बसलं की रकाने त्याला दगा देतात.

आपला 'वर' घ्या. फार ऐसपैस शब्द आहे. पुस्तक टेबलावर, पाल भिंतीवर, पक्षी झाडावर, पूल नदीवर, पंखा डोक्यावर. रकाना पाठ असलेलं मूल या पाचही ठिकाणी 'ऑन' लिहून मोकळं होतं. 'द फॅन इज ऑन माय हेड' हे वाक्य मी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वहीत वाचलं आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला तो पंखा डोक्याला टेकलेला दिसतो. कारण 'ऑन'ला उंचीशी कर्तव्य नाही, त्याला स्पर्श लागतो. छताला उलटी चिकटलेली पालसुद्धा 'ऑन द सीलिंग'च असते. मधे मोकळी जागा आली की 'अबव्ह' किंवा 'ओव्हर'. पूल पाण्याला टेकत नाही, म्हणून तो 'ओव्हर द रिव्हर'. पक्षी फांद्या-पानांच्या आत दडलेला, म्हणून 'इन द ट्री'. आंबे फांदीला धरून, म्हणून 'ऑन द ट्री'. आता मराठी ऐका. पक्षी झाडावर बसतो, पण आंबे झाडाला लागतात. इथे भेद आपणही करतो, फक्त आपले शब्द वेगळे असतात.

मराठीकडे असं वळून बघायची सवय मला नववीतल्या एका मुलानं लावली. फळ्यावर मी लिहिलं होतं, 'वाई इज ऑन द कृष्णा.' तो उभा राहिला.

"बाई, गाव नदीवर कसं असंल? वाहून न्हाई का जाणार?"

वर्ग हसला, पण प्रश्न चोख होता. मी त्यालाच उलट विचारलं, "तुझी आई सकाळी कुठे गेली होती?"

"नदीवर. धुणं धुवायला."

"पाण्यावर बसली होती?"

तो जरा थांबला. "न्हाई बाई, घाटावर." आणि मग म्हणाला, "म्हंजी वाईपण नदीवरच की."

त्याचं त्यानंच सोडवलं होतं. आपण 'नदीवर जातो' तेव्हा आपल्या मनात नदी ही एक लांबलचक रेघ असते आणि आपण त्या रेघेला जाऊन लागतो. 'ऑन द कृष्णा'मध्ये तेच आहे. गाव त्या रेघेला लागून आहे. हमरस्त्यावरचं घर आणि सीमेवरची चौकी यांनाही इंग्रजी हाच न्याय लावते आणि मराठीही.

त्या दिवसापासून माझ्या तासाचा क्रम बदलला. इंग्रजी शब्द द्यायच्या आधी मराठी वाक्य मोठ्यानं म्हणायचं आणि त्याचं चित्र वहीत काढायचं. सुरुवात दारापासून. पाहुणा दाराशी उभा आहे, मांजर दारात बसलंय, दारावर पाटी आहे. 'दाराशी' म्हणताना दार हे नुसतं एक ठिकाण असतं, नकाशावरच्या टिंबासारखं. त्याची लांबी-रुंदी कुणी मोजत नाही. तिथे 'ॲट द डोअर'. 'दारावर' म्हणताना दार म्हणजे सपाट पृष्ठभाग. तिथे 'ऑन द डोअर'. 'दारात' म्हणताना चौकटीतली मोकळी जागा. तिथे 'इन द डोअरवे'. टिंब, पृष्ठभाग, पोकळी. या तीन चित्रांतलं आपल्याला कुठलं म्हणायचंय, हे एकदा ठरलं की अर्धं काम झालं.

मग पोरंच वाक्यं आणू लागली. आजोबा आरामखुर्चीत, नातू स्टुलावर: 'इन द आर्मचेअर', 'ऑन द स्टूल'. टेबलाशी बसणं आणि टेबलावर बसणं: 'ॲट द टेबल', 'ऑन द टेबल'. खोलीच्या कोपऱ्यात केरसुणी, रस्त्याच्या कोपऱ्यावर टपरी: 'इन द कॉर्नर', 'ऑन द कॉर्नर'. एका मुलीनं आणलेली जोडी मला सगळ्यांत आवडली. "बाबा घरी आहेत, पण घरात नाहीत. अंगणात बसलेत." 'ॲट होम' आणि 'इन द हाउस' यांतला फरक याहून नेमका कुणी सांगावा? हा बारकावा तिला कुणी शिकवला नव्हता. तिच्या बोलण्यात तो लहानपणापासून होता. शाळेनं फक्त त्याच्याकडे बोट दाखवायचं होतं.

सगळंच असं सरळ जुळत नाही आणि ते मुलांपासून लपवू नये. अंगठी आपल्याकडे बोटात असते, बांगड्या हातात, चप्पल पायात. इंग्रजी या तिन्ही ठिकाणी 'ऑन' म्हणते, कारण तिला दिसतो तो कातडीला बाहेरून झालेला स्पर्श. 'रिंग इन द फिंगर' लिहिणाऱ्या मुलांना मठ्ठ म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत. पुढे एका संशोधनाविषयी वाचलं आणि ते किती अन्यायाचं होतं ते उमगलं. सूनजा चोई आणि मेलिसा बोअरमन या दोन संशोधिकांनी इंग्रजी आणि कोरियन बोलणाऱ्या लहान मुलांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध केला. एखादी गोष्ट दुसरीशी घट्ट बसवायची असेल तर कोरियनमध्ये 'क्किदा' हे एकच क्रियापद येतं. अंगठी बोटात घालणं आणि कॅसेट तिच्या डबीत बसवणं, दोन्हींसाठी तेच. इंग्रजी पहिल्याला 'ऑन' म्हणते, दुसऱ्याला 'इन'. आणि मुलं दोन वर्षांची व्हायच्या आधीच आपापल्या भाषेच्या वाटणीप्रमाणे बोलू लागतात. म्हणजे जागा कशी बघायची हे आपण आईच्या मांडीवर शिकून शाळेत येतो. नववीतलं मूल 'इन द फिंगर' लिहितं तेव्हा ते बेफिकीर नसतं. ते आपल्या भाषेशी प्रामाणिक असतं आणि त्याला दुसरी एक नजर हवी असते.

ही नजर मुलांना सगळ्यांत लवकर आली ती क्रिकेटच्या मैदानावर. इंग्रजी समालोचन ऐकून त्यांचे कान तयार होतेच. मी फक्कीनं मैदान आखलं आणि एकेकाला उभं केलं. यष्टिरक्षकाच्या बाजूला नेमक्या जागी उभा असलेला 'ॲट स्लिप', कारण ते टिंब. कव्हर हा सगळा पट्टा, म्हणून तिथला 'इन द कव्हर्स'. सीमारेषा ही रेघ, म्हणून तिच्यावरचा 'ऑन द बाउंड्री'. मराठीत आपण स्लिपमध्ये आणि कव्हरमध्ये दोन्हीकडे 'मध्ये' म्हणतो, इंग्रजी तिथे फरक करते. मग चेंडू हलू लागला. क्षेत्ररक्षकांच्या मधून गेला तर 'थ्रू द कव्हर्स', एखाद्याच्या बाजूनं निसटला तर 'पास्ट पॉइंट', डोक्यावरून गेला तर 'ओव्हर लाँग-ऑन', जमिनीलगत सरपटत गेला तर 'अलाँग द ग्राउंड'. शेवटी मी विचारलं, "'टू द बाउंड्री' आणि 'ओव्हर द बाउंड्री' यांत फरक काय?" मागून एक मुलगी ओरडली, "बाई, दोन रन!" व्याकरणाचं इतकं थेट उत्तर मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

स्थिर वस्तूपेक्षा हालचाल सांगणं अवघड जातं आणि तिथे रकान्यांची खरी कसोटी लागते. मी दरवर्षी एक निबंध द्यायचे, 'माझी शाळेची वाट'. आठवीतल्या एका मुलीचं मराठी असं होतं: 'मी घरातून निघते, कालव्याच्या कडेकडेने चालते, पुलावरून पलीकडे जाते, मारुतीच्या देवळावरून पुढे येते आणि उसातल्या पायवाटेने शाळेत पोचते.' किती नेटकं वाक्य! ऐकताना वाट डोळ्यांपुढे उलगडत जाते. तिचं इंग्रजी मात्र असं उतरलं होतं: 'फ्रॉम होम', 'फ्रॉम द साइड ऑफ कनाल', 'फ्रॉम ऑन द ब्रिज', 'फ्रॉम द टेम्पल', 'फ्रॉम द शुगरकेन'. ओळीनं पाच 'फ्रॉम'. कारण उघड होतं. 'ऊन', 'हून' हे पंचमीचे प्रत्यय आणि पंचमी म्हणजे 'फ्रॉम', असं तिला पाठ होतं.

आम्ही दोघी बाकावर शेजारी बसलो आणि एकेक तुकडा घेतला. घरातून, म्हणजे पोकळीतून बाहेर: 'आउट ऑफ द हाउस'. कडेकडेने, म्हणजे लांब रेघेला धरून, तिच्या सोबतीनं: 'अलाँग द कनाल'. आपली ती द्विरुक्तीच रेघेची लांबी दाखवते. पुलावरून, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, वरच्या अंगानं: 'ओव्हर द ब्रिज'. देवळावरून म्हणजे कळसावरून तर नव्हे. देऊळ बाजूला येतं आणि मागे पडतं: 'पास्ट द टेम्पल'. आणि ऊस? दोन्ही अंगांना डोक्याहून उंच ऊस, मधून आपण: 'थ्रू द शुगरकेन'. तिनं पुन्हा लिहिलं. 'आय कम आउट ऑफ द हाउस, वॉक अलाँग द कनाल, गो ओव्हर द ब्रिज, पास्ट द मारुती टेम्पल अँड थ्रू द शुगरकेन, अँड रीच स्कूल.' पाच 'फ्रॉम'च्या जागी पाच वेगळे शब्द आले आणि तिची वाट इंग्रजीतही दिसू लागली. तिनं ते वाक्य मोठ्यानं वाचलं, मग न सांगता पुन्हा वाचलं.

त्यातून एक सोपी किल्लीही हाती आली. आपला 'ऊन' हा स्थिर जागेला गती देतो. 'खोक्यात'ला ऊन जोडला की 'खोक्यातून', 'फळीवर'ला जोडला की 'फळीवरून'. इंग्रजीत 'इन'ची उलट चाल 'आउट ऑफ', 'ऑन'ची उलट चाल 'ऑफ'. खिशातून नाणं पडतं ते 'आउट ऑफ द पॉकेट', फळीवरून डबा पडतो तो 'ऑफ द शेल्फ'. आत जायचं तर 'इन्टू', वर चढायचं तर 'ऑन्टू'. मुलांना एवढ्या दोन जोड्या दिल्या तरी निम्म्या चुका कमी होतात.

काही ठिकाणी मात्र इंग्रजीला शब्दच नको असतो. शाळेत पोचलो, खोलीत शिरलो, घरी गेलो, असं आपण म्हणतो. म्हणून 'रीच्ड टू स्कूल', 'एंटर्ड इन्टू द रूम', 'वेंट टू होम' असं हमखास लिहिलं जातं. 'रीच' आणि 'एंटर' यांच्या पोटातच पोचण्याची, शिरण्याची जागा धरलेली असते. 'होम'चंही तसंच. आपणही 'घरी' म्हटल्यावर त्याला आणखी 'ला' लावत नाही. एवढं सांगितलं की मुलं लक्षात ठेवतात.

मोठ्यांच्या वर्गात आल्यावर या शब्दांचं वजन मला अधिक जाणवलं. ब्रिटनमध्ये नोकरीसाठी तयारी करणारी एक नर्स होती. सरावासाठी तिनं लिहिलं, 'आय ॲम इन हॉस्पिटल सिन्स मॉर्निंग.' तिला म्हणायचं होतं की सकाळपासून ती कामावर आहे. ब्रिटिश वाचकाला मात्र तीच दाखल झालेली पेशंट वाटली असती. 'इन हॉस्पिटल' म्हणजे उपचारासाठी भरती, कामावर असलेली 'ॲट द हॉस्पिटल'. मग आम्ही वॉर्डातली वाक्यं घेतली. झोपलेला पेशंट 'इन बेड', त्याची फाइल 'ऑन द बेड'. उठून फिरू लागला की 'आउट ऑफ बेड', पडला तरी 'फेल आउट ऑफ बेड'. मराठीत हे सगळं 'बेडवर' आणि 'बेडवरून' यांत भागतं. पाळी बदलताना पुढच्या नर्सला पेशंट पडला की उठून चालला, हे नेमकं कळायला हवं. त्या मुलीनं वाक्यं वहीत लिहून घेतली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या वॉर्डातली आणखी दहा-बारा करून आणली.

आणि एक तंत्रज्ञ, सातारच्या एमआयडीसीतला. माझाच जुना विद्यार्थी. परदेशी यंत्राचं माहितीपुस्तक घेऊन आला. त्यात सूचना होती, 'रन द केबल अंडर द ट्रे.' त्यानं विचारलं, "बाई, केबल ट्रेखाली न्यायची की ट्रेखालून न्यायची?"

मला त्या प्रश्नाचा अभिमान वाटला. ट्रेखाली म्हणजे केबल तिथेच, ट्रेच्या पोटाशी राहणार. ट्रेखालून म्हणजे खालनं पलीकडे निघून जाणार. काम वेगळं, केबलची लांबीही वेगळी. इंग्रजीचा 'अंडर' दोन्ही अर्थ एकटाच वाहतो. 'द कॅट रॅन अंडर द टेबल' म्हटल्यावर मांजर टेबलाखाली जाऊन बसलं की टेबलाखालून पळालं, हे त्या वाक्यावरून ठरत नाही. मराठीत ठरतं. म्हणजे इथे आपली भाषा अधिक काटेकोर होती आणि त्या काटेकोरपणामुळेच त्याला शंका आली. मी त्याला म्हटलं, "पुस्तकातली आकृती बघ, आणि तरी नाही कळलं तर कंपनीला विचार. विचारण्यात कमीपणा नाही." आकृतीत केबल खालून पलीकडे गेलेली होती. इंग्रजी कच्चं म्हणून आयुष्यभर मान खाली घालणाऱ्या त्या माणसाला त्या दिवशी कळलं की अडचण त्याच्यात नव्हती, वाक्यात होती.

एवढं सगळं झाल्यावरही काही गोष्टी चित्रात बसत नाहीत, हे मी स्पष्ट सांगते. आपण एसटीत बसतो आणि रिक्षातही बसतो. इंग्रजीत माणूस एसटीत 'ऑन द बस' असतो आणि रिक्षात 'इन'. उभं राहून चालता-फिरता येतं अशा बस, रेल्वे, विमान, जहाज यांना 'ऑन', आणि वाकून शिरावं लागतं अशा मोटारीला, रिक्षाला 'इन' अशी खूण पुष्कळदा कामी येते. उतरताना बस 'ऑफ', रिक्षा 'आउट ऑफ'. रस्त्याला ब्रिटिश माणूस 'इन द स्ट्रीट' म्हणतो, अमेरिकन 'ऑन द स्ट्रीट'. ही त्या त्या लोकांची वहिवाट आहे. ती कानानंच शिकावी लागते. म्हणून सुटा शब्द पाठ करू नका, अख्खा तुकडा पाठ करा, असं मी सांगते. 'इन' पाठ करून काही मिळत नाही. 'इन द रेन', 'इन द कॉर्नर', 'इन बेड' असे तुकडे तोंडात बसले की बोलताना ते आपोआप येतात. रोज एक पानभर इंग्रजी मोठ्यानं वाचणारा विद्यार्थी नियम पाठ करणाऱ्याच्या पुढे गेलेला मी प्रत्येक तुकडीत पाहिला आहे.

२००० सालापासून आपल्या राज्यात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. सहा वर्षांचं मूल आता खोकं आणि चेंडू घेऊन 'इन, ऑन, अंडर' म्हणतं. हे मला चांगलंच वाटतं. माझं पहिलीच्या शिक्षकांना एवढंच कळकळीचं सांगणं आहे की चेंडू खोक्यात टाकताना मुलाला आधी मराठीत बोलू द्या. 'खोक्यात', 'खोक्यावर', 'खोक्याखालून', 'खोक्यापाशी' हे सगळं त्याला येतं. ते त्याचं भांडवल आहे. 'इथे फक्त इंग्रजीत बोला' म्हणून आपण ते दाराबाहेर ठेवायला लावतो आणि मग दहा वर्षं रकाने पाठ करून घेतो.

आणि मोठेपणी इंग्रजीशी झगडणाऱ्यांना सांगते, शब्द आठवण्याच्या आधी जागा बघा. टिंब आहे, रेघ आहे, पृष्ठभाग आहे की पोकळी? वस्तू टेकलीय की अधांतरी आहे? माणूस तिथे थांबलाय, तिथे चाललाय की तिथून पुढे निघालाय? या प्रश्नांची उत्तरं तुम्ही मराठीत दिवसभर बिनचूक देत असता. ज्याला एवढं नीट बघता येतं, त्याला 'इन' आणि 'ऑन' शिकता येतात, कुठल्याही वयात. हे मी माझ्या वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.